दुसरं दार कोण उघडणार?

पोस्ट लांब आहे. आपल्यातल्या काहींना आवडणार नाही, हेही ठाऊक आहे. तरी पूर्ण वाचा, मग खाली येऊन मनसोक्त भांडा.

मागच्या रविवारी आमच्या कॉलनीची मीटिंग झाली. विषय एकच. कोपऱ्यावरच्या घराचा वरचा मजला एका कुटुंबाला भाड्याने द्यायचा की नाही. नवरा-बायको आणि दोन मुली. दोन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायला तयार. घरात मांस-मच्छी करणार नाही असं लिहून द्यायलाही तयार. घरमालक वहिनींची काही हरकत नव्हती. अडचण एवढीच की त्या कुटुंबाचा पासपोर्ट पाकिस्तानचा आहे. सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यातून ही माणसं २०१७ साली इंदूरला आली. हिंदू आहेत, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आहेत, सगळे कागद रीतसर आहेत.

चहा झाला, पोहे झाले, आणि मग एक ज्येष्ठ काका म्हणाले, “बाहेरच्या लोकांना आपल्यात कशाला घुसवायचं? आपण इथले. आपली शांत वस्ती आहे.” सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी गप्प बसल्या. ठराव वगैरे काही झाला नाही, पण नकार झाला. आपल्याकडे नकार असेच होतात.

मी त्या मीटिंगमध्ये होतो आणि मीही गप्प बसलो. ही पोस्ट त्या गप्प बसण्याची भरपाई आहे असं समजा.

आधी “आपण इथले” याचाच हिशेब करू. ज्या काकांनी हे वाक्य उच्चारलं, त्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या घराण्याची वंशावळ फ्रेम करून लावली आहे. त्यात वरून तिसऱ्या नावापुढे लिहिलंय, “वाईहून माळव्यात आले.” आले! म्हणजे कधीतरी काकांचे पणजोबाचे पणजोबा या गावात बाहेरचेच होते. १७३०च्या दशकात माळवा होळकर, शिंदे, पवार यांच्यात वाटला गेला, आणि त्यांच्या मागोमाग आपली माणसं आली. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, तेव्हा आणखी आली. कारकून आले, भिक्षुक आले, शिलेदार आले, वैद्य आले. इथले लोक आपल्याला ‘दक्षिणी’ म्हणायचे. म्हाताऱ्या माळवी माणसांच्या तोंडी तो शब्द मी लहानपणी ऐकलाय.

आपण इथे छान मिसळलो, असं आपण अभिमानाने सांगतो. पण कसे मिसळलो? आपण आलो तेव्हा दरबार आपला होता. दफ्तराची भाषा मराठी होती, लिपी मोडी होती, नोकरी आधीच ठरलेली होती. कोणाला इनाम, कोणाला वाडा, कोणाला देवळाची पूजा. आपल्याला भाड्याचं घर मागत फिरावं लागलं नाही. कोणी आपले कागद उलटसुलट करून पाहिले नाहीत. आपण मिसळलो यात आपल्या गोड स्वभावाचा वाटा किती आणि सत्तेचा किती, हे एकदा प्रामाणिकपणे मोजा. मग दुसऱ्याला “हे लोक मिसळत नाहीत हो” म्हणायला जीभ जरा अडखळेल.

आता दुसरी गोष्ट. मीटिंगमध्येच एक जण म्हणाले, “फाळणीनंतर सिंधी आले, त्यांनी कोणापुढे हात पसरले नाहीत. पापड विकले, कपडा विकला, स्वतःच्या हिमतीवर उभे राहिले. यांनीही राहावं.”

हे वाक्य स्तुतीसारखं वाटतं, पण ते मदत टाळण्यासाठी वापरलं जातं. त्या पिढीची हिंमत खरीच होती. माझी आजी सांगायची, १९४८च्या सुमाराला आमच्या वाड्यात एक तरुण सिंधी खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन यायचा. आजीने त्याच्याकडून उधारीवर खण घेतले. त्याला पाणी मात्र वेगळ्या पेल्यातून दिलं. दोन्ही गोष्टी आजीनेच सांगितल्या, दुसरी सांगताना जरा खाली बघून. पुढे त्या माणसाने क्लॉथ मार्केटात दुकान टाकलं. माझ्या मुंजीला त्याने पाठवलेलं कापड आईने कितीतरी वर्षं ट्रंकेत जपून ठेवलं होतं.

पण ती पिढी निव्वळ हिमतीवर उभी राहिली, हे अर्धसत्य आहे. सप्टेंबर १९४७मध्येच केंद्रात निर्वासितांच्या मदत आणि पुनर्वसनासाठी वेगळं मंत्रालय निघालं. छावण्यांत रेशन होतं, छप्पर होतं. १९४८ साली निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज द्यायला कायदा करून स्वतंत्र वित्तसंस्था उभारली गेली. तिकडे मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ साली आणखी एक कायदा झाला. कल्याणच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर झालं, भोपाळजवळ बैरागढ वसलं, आपल्या इंदुरात जयरामपूर कॉलनी आणि सिंधी कॉलनी झाली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ती माणसं आली त्याच देशाचे नागरिक म्हणून धरली गेली. मत देऊ शकत होती, दुकान घेऊ शकत होती, नोकरीसाठी अर्ज करू शकत होती.

आज जो येतो त्याला यातलं काय मिळतं? छावणी नाही, कर्ज नाही, भरपाई नाही, नागरिकत्व नाही. त्याला मिळतं आजोबांच्या पिढीचं उदाहरण.

आता मी स्वतःच्या चुकीवर येतो.

मी बँकेत होतो. कुठल्या ते सोडा. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. २०१९ साली माझ्या टेबलासमोर एक माणूस उभा राहिला. साधारण चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. खातं उघडायचं होतं. फाइलमधून पासपोर्ट काढला तर हिरवा. माझा चेहरा बदलला असणार, कारण तो लगेच म्हणाला, “साहब, एल.टी.व्ही. है. सब लीगल है.”

मी म्हणालो, “ऊपर से पूछना पड़ेगा.” 

तो पुन्हा आला. मी म्हणालो, अजून उत्तर नाही. तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी दुसऱ्या बँकेत बघा म्हणालो. चौथ्यांदा तो आला नाही.

मी वर कोणालाही विचारलं नव्हतं, मंडळी. विचारायची गरजही नव्हती. २०१६च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने निर्णय घेतला होता की पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्य समाजाच्या, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसांना बँकेत खातं उघडता येईल, राहण्यापुरतं घर आणि धंद्यापुरती जागा घेता येईल, स्वतःचा रोजगार करता येईल, ड्रायव्हिंग लायसन्स, पॅन आणि आधार मिळेल. ज्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नागरिकत्वाच्या अर्जांचे अधिकार दिले गेले, त्यांत आपलं इंदूरही होतं. रिझर्व्ह बँकेने २०१८मध्ये त्याप्रमाणे नियम बदलले. ते परिपत्रक आमच्या शाखेत आलं होतं. माझ्याच कपाटात होतं. मी वाचलं नव्हतं.

त्यातली एक गंमत ऐका. त्या नियमाखाली जे खातं उघडतं त्याचा प्रकार ‘अनिवासी साधारण’. माणूस इंदुरात राहतो, इथलंच दूध पितो, इथेच वीजबिल भरतो, आणि खात्यावर अनिवासी! नागरिकत्व मिळालं की मग ते निवासी होतं. पण नावाने काही का असेना, खातं मिळणार होतं. मी दिलं नाही.

त्याने त्याचं काय बिघडलं, ते मला चार वर्षांनी कळलं. २०२३मध्ये माझ्या नातीला गणित शिकवायला एक सर घरी येऊ लागले. सुनेच्या मैत्रिणीने सुचवलं होतं, फार छान शिकवतात म्हणून. दार मीच उघडलं. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं. तरी पाच-सहा महिने एक शब्द बोलले नाहीत. मला ‘अंकल’ म्हणायचे, चहा घ्यायचे, नातीला बीजगणित शिकवून निघून जायचे. एके दिवशी बोलता बोलता मी बँकेचं नाव घेतलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “पता है अंकल. मैं आया था आपके पास.”

मग मीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. तिकडे ते हायस्कुलात गणित शिकवायचे. इथे आल्यावर लांबच्या नातेवाइकांच्या ओळखीने कापडाच्या दुकानात लागले. थान उलगडायची, कापड मोजायचं, रात्री हिशेब लिहायचा. पगार रोखीत. घर दोन खोल्यांचं, त्यात आणखी एक कुटुंब, पैसे ठेवायला जागा नाही. म्हणून ते निम्मा पगार शेठकडेच जमा ठेवायचे. खातं असतं तर बँकेत ठेवले असते. अकरा महिन्यांचे पैसे साठले. मोठ्या मुलीच्या शाळेसाठी मागितले तेव्हा शेठने अर्धेच दिले. उरलेले राहण्या-जेवण्याचे, कागदपत्रांच्या धावपळीचे, ‘आम्ही तुला आणलं’ त्याचे म्हणून कापले.

“तक्रार का नाही केली?” मी विचारलं.

ते म्हणाले, “अंकल, उसी शेठ ने मकान दिलवाया था. उसी के रिश्तेदार ने ज़मानत दी थी. किससे शिकायत करता?”

माझी सगळी पोस्ट या एका उत्तरावर उभी आहे. म्हणून जरा थांबतो इथे.

आपण म्हणतो, “त्यांचा समाज त्यांचं बघेल.” बघतोच की. इंदूरच्या सिंधी समाजाने नवीन येणाऱ्यांसाठी जेवढं केलंय तेवढं आपण कोणी केलेलं नाही. घर शोधून देणं, जामीन राहणं, अर्ज भरून देणं, मुलींची लग्नं लावून देणं, सगळं केलंय. ते सगळेच शेठ तसे नव्हेत, हेही सरांनीच मला बजावून सांगितलं. पण ज्या माणसाला सगळ्या गावात एकच दार उघडं आहे, तो त्या दारात घासाघीस करू शकत नाही. नोकरी त्याच दाराने, घर त्याच दाराने, जामीन त्याच दाराने. आतला माणूस भला निघाला तर नशीब. नाही निघाला तर मान खाली घालून राहायचं. त्याचं दुसरं दार मी होतो, २०१९ साली. सरकारने उघडायला सांगितलेलं दार. मी कडी लावून बसलो होतो.

माणूस समाजात मिसळतो म्हणजे काय होतं, यावर आपल्याकडे फार मोठमोठी भाषणं होतात. माझ्या मते त्याची साधी कसोटी एकच. वाईट मालकाची नोकरी सोडण्याची त्याची ऐपत आहे का? दुसरी नोकरी, दुसरं घर, दुसरा जामीन मिळू शकतो का? मिळत असेल तर तो इथला झाला. मिळत नसेल तर त्याला कितीही हार घाला, तो पाहुणाच राहतो, आणि तोही उपकाराखाली दबलेला.

हार म्हटलं म्हणून आठवलं. नागरिकत्वाची प्रमाणपत्रं वाटली जातात तेव्हा फोटो येतात, पेढे वाटले जातात, आपल्या ग्रुपांवर जयघोष होतो. चांगलंच आहे. ज्याला ते पत्र मिळतं त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं असतं. पण जयघोष करणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे की नागरिकत्व सुधारणा कायद्याची तारीख ३१ डिसेंबर २०१४ आहे? त्या दिवसापर्यंत आले त्यांच्यासाठी अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाच वर्षांवर आली. त्याचे नियमसुद्धा ११ मार्च २०२४ला निघाले. सर आले २०१७मध्ये. त्यांना जुनीच वाट. बारा वर्षं. म्हणजे २०२९ उजाडेल, तेव्हा अर्जाचा नंबर. त्यांची धाकटी मुलगी इंदुरात जन्मली, इंदुरी पोहे-जिलबीवर वाढली, “क्या भिया” म्हणते. पण आई-बाप दोघेही परदेशी नागरिक, म्हणून जन्माने तीही भारतीय नाही.

आणि पदवीचं काय? २०२२च्या एप्रिलमध्ये यूजीसी आणि एआयसीटीईने सूचना काढली. पाकिस्तानातून पदवी घेऊन आलेल्या आणि नंतर भारताचं नागरिकत्व मिळालेल्या स्थलांतरितांना, गृह मंत्रालयाची सुरक्षा-मंजुरी घेतल्यावर ती पदवी इथे नोकरीसाठी चालेल. म्हणजे आधी बारा वर्षं, मग नागरिकत्व, मग मंजुरी, मग पदवी जिवंत होणार. सर तोवर पन्नाशी ओलांडलेले असतील. डॉक्टरांसाठी २०२२च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय आयोगाने परीक्षा देऊन कायम नोंदणीचा मार्ग काढला, पण तारीख तीच, ३१ डिसेंबर २०१४. त्यानंतर आलेल्या डॉक्टरला तो मार्ग नाही.

हे कायदे बदलावेत की नाही यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकेल. आपल्या देशाने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. त्यामुळे तिबेटी माणसाला एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळाला दुसरी, हैदराबादेत बाळापूरला राहणाऱ्या रोहिंग्याला तिसरी आणि सिंधी हिंदूला चौथी. कोणाच्या वाट्याला काय येईल ते परिपत्रकावर ठरतं. मला हे पटत नाही. पण ते आज माझ्या हातात नाही. माझ्या हातात जे आहे त्याबद्दल मी बोलतोय, आणि तेच आपण करत नाही.

“पण सुरक्षेचं काय?” हा प्रश्न मीटिंगमध्ये तीनदा आला. रास्त प्रश्न आहे. उत्तरही आहे. या माणसांइतकी तपासलेली माणसं तुमच्या कॉलनीत दुसरी नाहीत. त्यांचा व्हिसा, पत्ता, भाडेकरार सगळं सरकारदरबारी नोंदलेलं असतं. पत्ता बदलला तर कळवावं लागतं, राज्याबाहेर जायचं तर परवानगी काढावी लागते. तुमच्या वरच्या मजल्यावर गेल्या वर्षी जो सॉफ्टवेअरवाला मुलगा राहून गेला, त्याचं आधार कार्ड तरी नीट पाहिलं होतं का कोणी? २२ एप्रिल २०२५ला पहलगामला ते भयंकर हत्याकांड झालं, त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. तेव्हाही सरकारने स्पष्ट केलं की तिथल्या हिंदूंना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील. सरकारला खात्री होती, आपल्याला नव्हती. त्या आठवड्यात सर शिकवणीला आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, “अंकल, मोहल्ले में लोग देख रहे हैं. थोड़े दिन रुक जाता हूँ.” ज्या देशाच्या भीतीने ते पळून आले, त्याच देशाचा माणूस म्हणून त्यांच्याकडे बघितलं जात होतं.

आणि आपला ढोंगीपणा बघा. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट आपल्या प्रत्येक ग्रुपवर दर दोन महिन्यांनी फिरते. दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, तिथे छावणीत राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. २०१९ साली पोलंडचे लोक कोल्हापुरात येऊन आभार मानून गेले. वाचून आपली छाती फुगते. “बघा आपली मराठी संस्कृती!” वळिवड्यात पोलिश लोक निघून गेल्यावर फाळणीचे सिंधी निर्वासित वसवले गेले, तेच आजचं गांधीनगर, हे मात्र त्या मेसेजमध्ये नसतं. पोलंडची मुलगी आपल्याला आवडते, कारण ती ऐंशी वर्षांपूर्वीच्या फोटोत आहे आणि इथून निघून गेली. घोटकीची मुलगी खरी आहे, तिला वरच्या मजल्यावर राहायचंय, आणि ती परत जाणार नाही.

दरवर्षी अहिल्याबाईंची जयंती आपण करतो. विमानतळाला त्यांचं नाव, विद्यापीठाला त्यांचं नाव. त्यांनी महेश्वरला बाहेरून विणकर आणून वसवले. त्यांना नुसतं सदावर्त घातलं नाही. माग टाकायला जागा दिली, आणि दरबार स्वतः गिऱ्हाईक झाला. म्हणून आजही महेश्वरी लुगडं आहे. बाहेरून आलेल्याला काम कसं द्यावं याचा धडा शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही, पालखीच्या दिवशी ज्यांचा जयजयकार करतो त्यांच्याकडेच तो आहे.

“ठीक आहे, पण आपण काय करणार?” असं म्हणाल, तर चार गोष्टी सांगतो. एकालाही वर्गणी लागत नाही.

पहिली, अक्षरं. तिकडून आलेली माणसं, विशेषतः बायका, हिंदी फर्डं बोलतात, पण देवनागरी वाचता येत नाही. सिंधी तिकडे अरबी वळणाच्या लिपीत, बावन्न अक्षरांत लिहितात. सरांची बायको तिकडे शाळा शिकलेली आहे. इथे येऊन सिटी बसची पाटी वाचता येईना, रेशनचा फॉर्म वाचता येईना, मुलीच्या शाळेची डायरी वाचता येईना. शिकलेला माणूस एका रात्रीत अंगठाछाप होणं काय असतं, हे आपल्याला समजायला हवं. आपले पूर्वज मोडीत सराईत होते, आणि पुढे सगळं देवनागरीत गेलं, तेव्हा किती जणांना अवघड गेलं असेल! आपल्या समाजात निवृत्त शिक्षिका किती आहेत? पन्नास तरी सहज. दुपारी दोन ते चार आपले हॉल रिकामे असतात. तीन महिने पुरतात. माझ्या बायकोने भाभींना बालभारतीवरून नव्हे, किराण्याच्या याद्या आणि शाळेच्या डायरीवरून शिकवलं. चौथ्या महिन्यात त्या वर्तमानपत्राचे मथळे वाचू लागल्या.

दुसरी, कागद. आपल्यात बँकवाले आहेत, सी.ए. आहेत, वकील आहेत, कलेक्टोरेटमधून निवृत्त झालेले आहेत. महिन्यातला एक रविवार बसा. खात्याचा नियम, पॅनचा अर्ज, शाळेचा प्रवेश. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे, हे शाळेच्या ऑफिसात ठामपणे सांगणारा एक माणूस सोबत गेला तरी काम होतं. पाकिस्तानी पासपोर्टवाला एकटा गेला की होत नाही. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेलो होतो, म्हणून सांगतो.

तिसरी, काम, आणि तेही ज्याच्या त्याच्या अंगच्या गुणाचं. गणिताच्या मास्तराकडून कापड मोजून घेणं हे पाप नाही, पण उधळपट्टी आहे. शिकवणीला कोणाची मंजुरी लागत नाही, स्वतःचा रोजगार त्यांना करता येतो. तुमच्या नातवंडांना शिकवायला बोलवा. पूर्ण फी द्या. “बिचारे आहेत, कमी घेतील” हा भाव करू नका. कमी देऊन मदत केल्याचं समाधान मिळवणं ही शेठचीच रीत झाली.

चौथी, जामीन. भाडेकरारावर एक सही. सगळ्यात अवघड हीच आहे, कारण इथे सहानुभूतीला किंमत मोजावी लागते.

कोणी म्हणेल, आपल्याच पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तू यांचं काय घेऊन बसलास? हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तेव्हा कामगारांची घरं कशी उद्ध्वस्त झाली ते मी जवळून पाहिलंय. त्यांच्या हक्काचे पैसे मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. बेकारी काय असते हे या गावाला शिकवायला नको. पण मिल कोणा निर्वासितामुळे बंद पडली नव्हती. आणि एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. ज्याला दुसरं दार नाही तो अर्ध्या पगारात राबतो, आणि तो अर्ध्या पगारात राबला की तुमच्या पोराचाही पगार पडतो. त्याला पूर्ण पगार मागता आला तर त्यात तुमच्या पोराचाही फायदाच आहे.

आता शेवट. सरांना आत्ताचं घर दिवाळीपर्यंत सोडायचंय, मालकाने विकलंय. कोपऱ्यावरच्या वहिनींना आपण सगळ्यांनी मिळून गप्प केलं. मीटिंगहून घरी आलो तर नात अंगणात गणिताची वही घेऊन बसली होती. तिने विचारलं, “आजोबा, सर इकडे राहायला येणार?” मी म्हणालो, बघू. ‘बघू’ म्हणताना माझ्याच कानांना ते ओळखीचं वाटलं. “ऊपर से पूछना पड़ेगा” असंच काहीसं.

आमचाही वरचा मजला आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून बंदच. त्यात जुने पलंग, दिवाळीचे आकाशकंदील आणि माझ्या बँकेच्या डायऱ्या आहेत. काल बायकोने आणि मी तो साफ करायला घेतला. पोलीस ठाण्यात जाऊन भाडेकरूच्या नोंदणीचं विचारून आलो. सरांना आज संध्याकाळी सांगणार आहे. भाडं बाजारभावाने घेणार, त्यांनीच तसं म्हटलं असतं, आणि करारावर त्यांच्या शेठची नाही, माझी ओळख लागेल.

काकांना सांगून ठेवतो, पुढच्या मीटिंगला हा विषय घ्यायची गरज नाही. घर माझं आहे. पण यायचं असेल तर जरूर या, चहाला या. सर फार चांगले आहेत. तुमच्या नातवाचं गणित कच्चं आहे, हे मला ठाऊक आहे.